साल्व्हादोरला जाल तर सोन्याच्या चर्चआधी निळ्या चर्चमध्ये जा

ब्राझील म्हटलं की आपली माणसं रिओ करतात, डोंगरावरचा येशू बघतात, बीचवर फोटो काढतात आणि परत. एवढं लांब जाताय, तिकिटाला एवढे पैसे घालताय तर साल्व्हादोर चुकवू नका हो, अगदी कळकळीने सांगतेय. 1549 साली पोर्तुगीजांनी वसवलेलं बंदर, 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी हीच, आणि जुना भाग 1985 पासून युनेस्कोच्या यादीत.

सगळे टूरवाले आधी साओ फ्रान्सिस्को चर्चला नेतात. 18व्या शतकातलं, आतलं लाकडी कोरीवकाम सोन्याच्या वर्खाने मढवलेलं, आणि लिस्बनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स. सुंदर आहे, वादच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये याचंच छत कोसळून एका तरुण पर्यटक मुलीचा जीव गेला, त्यामुळे जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. हे सोनं बघण्याआधी पेलोरिन्यो या जुन्या भागातल्या उतारावरच्या रोझारिओ दोस प्रेतोस या निळ्या चर्चमध्ये जा. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्यांना मानाने जागा नव्हती म्हणून त्यांच्या धार्मिक संघाने 18व्या शतकात स्वतःचं चर्च बांधायला घेतलं, दिवसभर मालकाचं काम आणि उरलेल्या वेळात हे, असं करत करत कितीतरी वर्षं लागली. मागे गुलामांची जुनी दफनभूमी आहे. मंगळवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला ढोल वाजतात, सगळं चर्च गात असतं, ते ऐकाच. आमच्या ग्रुपला मात्र इथे फक्त बाहेरून फोटोपुरतं थांबवलं होतं, भांडून आत गेले मी.

पेलोरिन्योतली गुलाबी-पिवळी घरं इन्स्टावर छान दिसतात, पण इथे गुलामांना बांधून चाबकाने फोडून काढायचा खांब होता, त्यावरूनच भागाला नाव पडलंय. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 ला संपली, दोन्ही अमेरिका खंडांत सगळ्यात शेवटी. त्याआधी 1835 च्या रमजानमध्ये आफ्रिकन मुस्लिम गुलामांनी याच शहरात रात्री उठाव केला होता. हे गाईडने न विचारता सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचा धागाही आहे बरं का. लिस्बन-गोवा करणारी जहाजं, विशेषतः परतताना, इथे दुरुस्तीला थांबायची. आणि या शहराचा रक्षक संत कोण, तर सेंट फ्रान्सिस झेवियर! 1686 मध्ये पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा शहराने त्यांना आपला रक्षक संत मानलं. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच. बोनफिम चर्चला गेलात तर बाहेर जाळीला हजारो रंगीत फिती बांधलेल्या दिसतील, तीन गाठी मारायच्या आणि तीन इच्छा मागायच्या, आणि आतल्या एका खोलीत नवस फेडलेले मेणाचे हात-पाय छताला टांगलेत, वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहतात ना, अगदी तसेच. जानेवारीत पांढऱ्या कपड्यातल्या बायका सुगंधी पाण्याने याच्या पायऱ्या धुतात, जमलं तर तेव्हाच जा.

लासेर्दा लिफ्ट 1873 ची, वरच्या शहरातून खाली बंदराकडे नेते, समोरच जुन्या कस्टम हाऊसमधला मोदेलो बाजार. बार्राचा किल्ला आणि दीपगृह संध्याकाळी करा, आतल्या म्युझियममध्ये 1668 ला बुडालेल्या साक्रामेंतो जहाजातल्या वस्तू आहेत, सूर्यास्ताच्या नादात लोक त्या बघतच नाहीत.

आणखी एक. 1990 नंतर पेलोरिन्यो रंगवून नटवलं तेव्हा तिथल्या बहुतेक गरीब रहिवाशांना थोडे पैसे देऊन बाहेर काढलं, दुरुस्ती हवीच होती पण माणसं काढून नको होती. म्हणून गाईड तिथलाच घ्या, आणि चवळी वाटून पाम तेलात तळलेलं आकाराजे चकाचक रेस्टॉरंटमध्ये न खाता चौकात बसणाऱ्या बायकांकडूनच खा.