‘तीन मिनिटांत पेशी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पेशी एकमेकींशी कशा बोलतात यावर माझ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या छोट्या व्हिडिओंबद्दल मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक निवृत्त प्राध्यापक’ एवढीच सही असलेली एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खालीच उत्तर द्यायला बसले होते, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिसेप्टरला (बाहेरचा निरोप घेणारं पेशीपटलातलं प्रथिन) डोळे आणि जी-प्रथिनाला (तोच निरोप आत पुढे देणारं प्रथिन) पाय काढणं हा पोरखेळ आहे. गटाने व्हिडिओ करायचा म्हटलं की एक जण राबतो आणि बाकीचे नावापुरते असतात. जो बोलतो त्याला तरी कळलं आहे का, हे मी तपासलेलं दिसत नाही. पार्श्वसंगीत कर्कश आहे. हाच वेळ फळ्यावर दिला असता तर अख्खं प्रकरण शिकवून झालं असतं. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “पेशींमधला संवाद तीन मिनिटांत सांगता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांना तो मुळात कळलेलाच नसतो.”

संगीताचं मान्य. दुसऱ्या व्हिडिओत ते खरंच मोठं झालंय, आवाज कमी करून तो पुन्हा टाकायला मुलांना सांगितलं आहे.

आता त्या वाक्याबद्दल. सर, तुम्ही ‘ज्यांना’ असं मोघम लिहिलंत, पण तीन मिनिटांची मर्यादा मी घातली होती हे लेखातच लिहिलेलं होतं. तेव्हा नेम कुणावर आहे हे उघड आहे. मला विषय कळत नाही असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणावं. “मुळात” आणि “कळलेलाच नसतो” असे शब्द निनावी सहीमागून टाकायचे आणि वर “राग मानू नये” अशी पुस्ती जोडायची, ही पद्धत मला आवडत नाही. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने दुसऱ्या शिक्षकाशी असं बोलावं याचं जास्त वाईट वाटलं. मुद्दा खोडण्याआधी हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण अशा सुरात बोललेलं विद्यार्थीही वाचत असतात. हे व्हिडिओ ज्यांनी केले तेही वाचत आहेत.

मला हा विषय कळतो की नाही, याबद्दल. शिकवायला लागण्याआधीची माझी उमेदीची वर्षं प्रयोगशाळेत याच विषयात गेली. त्याच्याही आधीची गोष्ट सांगते. पदवीच्या वर्षी अ‍ॅड्रेनलिनपासून ग्लुकोजपर्यंतची, म्हणजे हे संप्रेरक यकृताच्या पेशीला ग्लुकोज सोडायला कसं लावतं याची, अख्खी साखळी मला तोंडपाठ होती. अ‍ॅड्रेनलिन, रिसेप्टर, जी-प्रथिन, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज, सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए, पुढचं सगळं. लेखी परीक्षेत उत्तम गुण पडले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या आत जातं का?” मी “हो” म्हणाले, आणि चुकले; ते बाहेरच राहतं. साखळीतली बाकी सगळी नावं आतली होती, मग पहिलंही आतच असणार, असा माझा हिशोब. फळ्यावर अख्खं प्रकरण झालेलं होतं, सर. उत्तम झालं होतं. बाणांच्या मधे काय घडतं हे कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तुमच्या वर्गात कुणी असं विचारत नसे, ते सगळ्यांना समजलेलं असायचं म्हणून, असं तुम्हाला खरंच वाटतं?

व्हिडिओत नेमकी इथे पंचाईत होते. वहीत बाण काढून पुढे जाता येतं. कागदाचे तुकडे एकेक इंच सरकवत फोटो काढायचे म्हटलं की प्रत्येक तुकडा कुठून कुठे जाणार हे ठरवावंच लागतं. पहिल्या गटाने आधी कुलूप-किल्ली घेतली होती, तशी सगळेच घेतात. किल्ली म्हणजे अ‍ॅड्रेनलिन, कुलूप म्हणजे रिसेप्टर. चित्रीकरणाला बसले आणि अडले. कुलूप उघडलं, मग आत कोण गेलं? कुणीच नाही. किल्ली बाहेरच राहिली, दार उघडलंच नाही, तरी घरातली कामं सुरू झाली. मग बातमी आत पोहोचली कशी? या एका प्रश्नावर त्या गटाने अख्खा तास घालवला आणि शेवटी कुलूप-किल्ली फेकून दिली. त्यांच्या व्हिडिओत आता रिसेप्टर म्हणजे पेशीपटलातून सात वेळा आत-बाहेर शिवलेली एक लांब पट्टी आहे. बाहेरच्या टोकाशी अ‍ॅड्रेनलिन बसलं की पट्टी किंचित वळते, आतली बाजू हलते, आणि तिथे टेकलेलं जी-प्रथिन हातातलं जीडीपी टाकून जीटीपी उचलतं (हे दोन छोटे रेणू; पहिला धरला की जी-प्रथिन बंद, दुसरा धरला की चालू). आत जातो तो फक्त आकारातला बदल. बाहेरून आत पदार्थाचा एक कणही जात नाही. हे तुम्ही पोरखेळ म्हणून सोडून दिलंत. अ‍ॅड्रेनलिनचा रिसेप्टर जी-प्रथिनासकट नेमका कसा दिसतो, ते स्फटिकाच्या अभ्यासातून 2011 मध्ये पहिल्यांदा नीट पाहता आलं आणि पुढच्याच वर्षी या रिसेप्टरांवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांनी कार्डशीटवर तेच दाखवायचा प्रयत्न केला आहे.

आणि तीन मिनिटं कमी का? ओटो लोवी या शास्त्रज्ञाचा प्रयोग घ्या. 1921 साल. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही धडधडणारी, पहिल्याची व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस) शाबूत. त्या चेतेला विजेचा झटका दिला, पहिलं हृदय मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्याला दिला, तर तेही मंदावलं, त्याला कुणी झटका दिलेला नसताना. म्हणजे चेतेने हृदयाला वीज दिली नव्हती, एक पदार्थ दिला होता. पुढे तो अ‍ॅसिटिलकोलिन ठरला आणि 1936 मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. हा परिच्छेद मोठ्याने वाचून बघा, एक मिनिटही लागत नाही. यात काही कळायचं राहिलं का? कमी वेळात सांगितलेलं उथळच असतं, हे गृहीतक तुमचं आहे. तुम्ही ते सिद्ध केलेलं नाही, नुसतं जोरात म्हटलं आहे.

अर्ल सदरलँड या शास्त्रज्ञाचंही सांगते, कारण तिसऱ्या गटाने तेच घेतलं होतं. 1950च्या दशकात त्याने यकृताच्या पेशी वाटून त्यात अ‍ॅड्रेनलिन घातलं, तेव्हा ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम कामाला लागलं. मग पेशीपटलाचे तुकडे गाळाबरोबर काढून टाकले आणि पुन्हा अ‍ॅड्रेनलिन घातलं. आता काहीच होईना. शेवटी त्या वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवर अ‍ॅड्रेनलिन घातलं, जो द्रव मिळाला तो उकळला आणि उरलेल्या रसात ओतला. एन्झाइम पुन्हा कामाला लागलं. उकळूनही टिकलेला, पटलाकडून निरोप आत नेणारा तो छोटासा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. 1971 चं नोबेल त्यासाठी. हे करून दाखवताना मुलांनी तीन वाट्या आणि रंगीत पाणी वापरलं. “काय काढून घेतलं की काम थांबतं” हा प्रश्न त्यांना पुस्तकातल्या आकृतीने कधी विचारला नव्हता.

पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही. व्हिडिओ संपवावा लागतो. पुस्तकातली साखळी ‘ग्लुकोज रक्तात येते’ इथे सुटते आणि कुणाला काही खटकत नाही. इथे एका मुलीने विचारलं, “शेवटचा फोटो कसला काढायचा? हे थांबतं कुठे?” उत्तर शोधताना त्यांना कळलं की थांबवणं हे सुरू करण्याइतकंच मोठं काम आहे. जी-प्रथिन आपलं जीटीपी स्वतःच तोडून स्वतःला बंद करतं. सायक्लिक एएमपी फोडायला फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम असतं. कायनेजांनी चिकटवलेले फॉस्फेट काढायला फॉस्फेटेज असतात. रिसेप्टरवर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची वाट अडवतं. मग लगेच पुढचा प्रश्न येतोच, थांबलंच नाही तर? चौथ्या गटाचा कॉलरावरचा व्हिडिओ यातून निघाला. कॉलराचं विष आतड्याच्या पेशीत शिरून जी-प्रथिनावर एक तुकडा असा चिकटवतं की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. ते चालूच राहतं. सायक्लिक एएमपी वाढत जातं, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्याच राहतात, क्लोराइडमागोमाग सोडियम आणि पाणी आतड्यात येतं, आणि गंभीर रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. हे सगळं एका छोट्या बटणाने बंद व्हायला नकार दिला म्हणून. आणि साखर-मिठाचं पाणी इथे उपयोगी पडतं, कारण ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढणारा वाहक या गोंधळात शाबूत असतो. हे विष असतं हे 1959 मध्ये शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशांच्या आतड्यांवर दाखवून दिलं होतं, तेही मुलांनी शोधून काढलं, मी सांगितलेलं नव्हतं.

हा व्हिडिओ तुम्ही बघितला असता तर “सगळं सोपं करून टाकलंय” असं लिहिलं नसतं. तुमच्या प्रतिक्रियेतली उदाहरणं सगळी पहिल्या दोन व्हिडिओंतली आहेत. पुढचे उघडले तरी होते का, अशी शंका येते. चार व्हिडिओ मिळून बारा मिनिटं होत नाहीत. प्रतिक्रिया लिहायला त्याहून जास्त वेळ लागला असणार.

उरलेल्या मुद्द्यांबद्दल. डोळे काढले. बरं. गटात एकच जण राबतो, हे लेखी प्रकल्पातही होतं, प्रयोगवहीतही होतं, आणि तुमच्या काळातही होत असणार. कुणाला किती कळलं ते मी तपासलं नाही म्हणता. वर्गात व्हिडिओ दाखवून झाल्यावर प्रश्नोत्तरं झाली, तेवढं मला पुरेसं वाटलं. आणि वेळ. प्रकरण ‘संपवण्या’ची घाई मला नाही. तुम्हाला असेल तर तो आपल्या दोघांतला स्वभावाचा फरक समजू.

तुम्ही ज्येष्ठ आहात आणि या विषयात तुमचा अधिकार असेल, तो मी नाकारत नाही. नावानिशी लिहिलंत तर अधिक आदराने उत्तर देईन. पुढच्या गटाने इन्सुलिन घेतलं आहे. तिथे मधे जी-प्रथिन नाही, रिसेप्टरच स्वतः टायरोसिन कायनेज (प्रथिनांतल्या टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) असतो, त्यामुळे सात वेळा शिवलेली पट्टी उपयोगाची नाही आणि नवं काहीतरी बनवावं लागणार. त्यांनी दोन वेगवेगळ्या पट्ट्या सरकत जवळ येतात असं आखलं होतं. मी एवढंच सांगितलं की इन्सुलिनचा रिसेप्टर आधीपासूनच जोडीने असतो, तेव्हा ते पुन्हा बघा. तो व्हिडिओ आला की दुवा इथेच टाकते. या खेपेला संगीत नसेल.