‘आमची आई लई सोशिक’

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. शेवटचा आला तो आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर, खाली जोडलेल्या हातांची रांग. मेसेज असा: ‘सत्तरीनंतर ऑपरेशन झालं की माणूस खचणारच. दुखणं सोसावं, सोसल्यानं शरीर आपोआप भरून येतं. पेनकिलर किडनी खातात, डोकं फिरवतात. तीन महिने पूर्ण आराम द्यावा. पचायला हलकं म्हणून मऊ भात आणि वरणाचं पाणी द्यावं.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन उभं करायचं, हे माझं कोल्हापुरातलं रोजचं काम. त्यामुळे हा मेसेज फोनवर येण्याआधीच मला घराघरांत पाळलेला दिसतो.

सोसण्यापासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. शिवाजी पेठेतल्या एका आज्जींचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आल्या. मुलगा कौतुकानं सांगत होता, “आमची आई लई सोशिक हाय बगा, गोळी मागतच न्हाई.” मी विचारलं, “आज्जी, दुखतंय का?” “न्हाई.” “कुशीवर वळताना?” “तवा दुखतंय की!” दुखू नये म्हणून त्या हलतच नव्हत्या. श्वासही वरवर घेत होत्या. दुखतं म्हणून हलायचं नाही, हललं नाही की मांड्या वाळतात. खोकायची भीती वाटते, म्हणून छातीत कफ साठतो. पाय घट्ट धरल्यामुळे पोटरीत रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. यात भरून काय येतं, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. पडून असलेल्या माणसाला ‘दुखतंय का’ विचारून उपयोग नसतो. बसताना, उठताना, खोकताना विचारायचं.

त्याच आज्जी आधी दोन रात्री वातात बडबडत होत्या, वारलेल्या मालकांना हाका मारत होत्या. घरच्यांनी गोळ्यांवर खापर फोडलं आणि होत्या त्याही बंद केल्या. ‘पेनकिलर डोकं फिरवतात’ हे वाक्य अशाच रात्रींतून येत असावं. पण न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयांत खुबा मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. आधी बुद्धी शाबूत असलेल्या ज्या रुग्णांचं दुखणं नीट आवरलं नव्हतं, त्यांच्यात या बडबडीचा धोका सुमारे नऊ पट निघाला. गोळ्यांनी भ्रम होतच नाही असं नाही. पेथिडीन या दुखण्यावरच्या इंजेक्शननं तो वाढतो, झोपेच्या गोळ्यांनीही वाढतो. पण चष्मा कपाटात, कानाचं यंत्र डबीत, खिडकी बंद आणि वर ठणका, अशा खोलीत तरण्या माणसाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही.

किडनीचं वाक्य अर्धं खरं आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला आणि पोटाला खरंच जड जातात. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर जास्तच. शेजाऱ्याच्या डब्यातून त्या आणून देऊ नयेत, इथपर्यंत मेसेज बरोबर. पॅरासिटामॉल त्या घराण्यातलं नाही. ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत दिलं तर बराच भार उचलतं. वजन पन्नास किलोच्या आत असेल तर मात्रा कमी लागते, ती डॉक्टरच ठरवतील. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, म्हणून दोन्ही मिळून हिशेब धरायचा. त्यानं भागत नसेल तर ट्रॅमाडॉलसारखं औषध थोड्या प्रमाणात देतात, सोबत पोट साफ राहायचं औषध. खुब्यासाठी मांडीच्या सांध्याजवळ नस बधिर करणारं इंजेक्शनही असतं, ऑपरेशनआधी त्याबद्दल विचारा.

‘सत्तरीनंतर खचणारच’ यात वय आणि अशक्तपणा एकच धरलेत. रंकाळ्याला रोज फेरी मारणारे ब्याऐंशीचे आजोबा मी पाहिलेत आणि हाताचा टेकू घेतल्याशिवाय खुर्चीतून न उठणारे अडुसष्टचे काकाही. अमेरिकेत 2001 साली या अशक्तपणाच्या पाच खुणा ठरवल्या गेल्या: न ठरवता घटलेलं वजन, सैल झालेली हाताची पकड, सततचा थकवा, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असतील तर माणूस नाजूक. अशांना ऑपरेशन जड जातं, हे खरं. पण म्हणूनच ते आधी ओळखायचं. गुडघ्यासारख्या ठरवून करायच्या ऑपरेशनला हाताशी वेळ असतो, त्यात मांड्या बळकट करता येतात. मोडलेला खुबा थांबत नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना त्याचं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायला सांगतात.

आणि त्याच सूचना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करायला सांगतात. आपला मेसेज तीन महिने म्हणतो! बारा निरोगी म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं होतं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं. हाड न मोडता, टाका न पडता. किती भार द्यायचा ते सर्जन सांगतील, पण पलंगावर ठेवणं म्हणजे सेवा नव्हे.

उरलं वरणाचं पाणी. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या आज्जींना 60 ते 75 ग्रॅम. (किडनीचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध प्यायच्या गावात आजाऱ्याला पाणी का पाजतात, देव जाणे. आणि वाटीभर पांढरा रस्सा पाजून ‘आईला मटण दिलं’ म्हणू नका, कस तुकड्यांत असतो. दात नसतील तर खिमा करा.

शिवाजी पेठेतल्या आज्जींना डॉक्टरांनी गोळ्यांचं वेळापत्रक लिहून दिलं. एक गोळी आम्ही व्यायामाच्या पाऊण तास आधी बसवली. तिसऱ्या आठवड्यात त्या वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या. मी विचारलं, “दुखतंय का?” “उंबऱ्यापाशी जरा दुखतंय,” म्हणाल्या आणि पुन्हा वॉकर उचलला.