नाटक करते म्हणे!

गेल्या वर्षी सप्टेंबरात वर्धा रोडवर माझी गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. नागपुरातल्याच एका रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात १९ दिवस पडून होतो. शेजारच्या खाटेवर १७ वर्षांचा एक पोरगा होता, गडचिरोली जिल्ह्यातला, वडशाकडचा. त्याची आई त्याला बाबू म्हणायची, मीही बाबूच म्हणू लागलो.

बाबूला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, मग हा हाडांच्या वॉर्डात कसा, हे मला कळेना. त्यानंच समजावून सांगितलं. "काका, सिकल म्हंजे विळा. आमी धान कापतो ना, तसा. रक्तातल्या लाल पेशी विळ्यावानी वाकड्या होतात अन् बारीक नसांमधी अडकतात. फुडं रक्तच जात नाही, मंग दुखते." त्याच्या खुब्याच्या हाडाचं रक्त असंच तुटलं होतं. सांध्याचा गोळा झिजून गेलेला. दहा पावलं चालला की भिंत धरायचा.

पण बोलायला लागला की खाटेवर मावायचा नाही! झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या नाटकांचं त्याला वेड होतं. दिवाळी झाली की वडशाकडे मोसम सुरू होतो, गावोगावी रात्री दहाला पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. बाबू एका मंडळीसोबत सामान उचलायला जायचा, पाय बिघडल्यावर प्रॉम्प्टरच्या शेजारी बसायला लागला. सगळ्यांचे संवाद त्याला पाठ. झाडीपट्टीचे नट, कुरखेड्याकडचे परशुराम खुणे, यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे तो असं सांगायचा की जणू घरातल्याच माणसाला मिळाली. मला खलनायक करून दाखवायचा, वॉर्डातल्या म्हाताऱ्या हसून हसून खोकायच्या. माझा भाऊ सकाळी तर्री-पोहे आणायचा, त्यातले अर्धे बाबूचे.

आणि मग ती रात्र. अकराच्या सुमारास त्याला दुखायला लागलं. तो ओरडला नाही. खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि कुशीवर वळून ओठांत काहीतरी पुटपुटत राहिला. माय पाठ चोळत होती. मी नीट कान दिला तर पोरगा संवाद म्हणत होता, एकामागून एक. ड्यूटीवरच्या माणसाला मी तीनदा हाक मारली. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "आत्ताच तर मोबाइल पाहून हसून राहिला होता. नाटक करते हा. यांना इंजेक्शनची सवय लागते." इंजेक्शन मिळायला पहाट झाली.

सकाळी बाबू मला म्हणाला, "काका, तुमचं हाड मोडलं ते एक्सरेत दिसते. माहं दुखणं दिसत नाही. अन् नाटकच कराचं असतं ना, तर मी याच्यापेक्षा चांगलं केलं असतं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही, म्हणून ही पोस्ट.

मोबाइल पाहत हसणारा माणूस दुखण्यात असू शकतो. लहानपणापासून दुखणं सोसणारी पोरं मन दुसरीकडे लावायला शिकतात, ती त्यांची हुशारी आहे आणि आपण तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. चांगलंच आहे. लग्नाआधी रक्त तपासा, हेही शंभरदा सांगायला हवं, कारण दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याचा २५ टक्के धोका असतो. पण ज्या पोरांना आजार आहेच, त्यांचं आज रात्री काय? बाबूच्या मायला एका बाईनं तोंडावर विचारलं होतं, "आधी तपासलं नव्हतं का?" ती माउली खाली मान घालून पोराचे पाय दाबत राहिली. मला फार राग आला होता. अजूनही येतो.

बाबूकडे एक पाण्याची बाटली होती. तिच्यावर त्यानं पेनानं रेघा मारल्या होत्या: आठ, दहा, बारा, दोन. त्या वेळेपर्यंत तेवढं पाणी संपलंच पाहिजे. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी अडकायला निमित्त मिळतं. शाळेत मात्र तासाला पाणी प्यायला आणि लघवीला उठतो म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. मास्तर लोकहो, मॅडम, तुमच्या वर्गात असं पोरगं असेल तर त्याला उठू द्या. थंडीत स्वेटर घालू द्या, गणवेशाचा रंग पाहू नका. मैदानावर धावायला लावू नका.

सुट्टी होताना बाबूनं बजावलं होतं, "मोसमात या काका. पण पहाटेपर्यंत बसाचं. मधात उठाचं नाही." मी म्हटलं, वॉकर सुटला की येतो.

जानेवारीच्या कडाक्यात त्याला ताप आला, छाती भरली. दोन दिवसांत गेला. त्याच्याच नंबरवरून फोन आला म्हणून मी "बोल बाबू" म्हणत उचलला, पलीकडे त्याची माय होती.

यंदा दिवाळीनंतर काठी घेऊन वडशाकडे गेलो. मंडपात थंडी होती, पाय ठणकत होता. बाबूच्या मायनं तीच रेघांची बाटली भरून माझ्या हातात दिली आणि शेजारी बसली. नाटक उजाडेपर्यंत चाललं. मी मधात उठलो नाही.