‘राहता तिथल्याच कोर्टात केस टाका’: फिरत्या सल्ल्याचा मुद्द्यागणिक प्रतिवाद

गेले काही महिने एक मेसेज हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: कायदा बदलला आहे, आता कोणतीही केस स्वतःच्या गावच्या कोर्टात टाकता येते. कंपनीची शाखा गावात असली की पुरे. जमीन कुठेही असो, व्यवहार जिथे ठरला तिथे दावा चालतो. करारात कोर्टाचं नाव लिहिलं की तेच कोर्ट. झिरो एफआयआर आणि ई-फायलिंगमुळे हद्दीचा प्रश्न मिटला. आणि चुकून दुसऱ्या कोर्टात गेलात तरी काळजी नको, कोर्टच फाइल योग्य ठिकाणी पाठवतं.

यात अर्धसत्यं आहेत, म्हणूनच तो पटतो. शेवटचं वाक्य मात्र थेट नुकसान करणारं आहे.

‘कोणतीही केस स्वतःच्या गावी’

नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला सर्वसाधारण नियम कलम २० मध्ये आहे आणि तो वादीच्या घराकडे पाहतच नाही. प्रतिवादी जिथे राहतो, धंदा करतो किंवा नोकरी करतो तिथे दावा लावायचा, नाहीतर दाव्याचं कारण (ज्या घटनेमुळे दावा लावण्याचा हक्क निर्माण होतो ती) पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडलं तिथे. नाशिकच्या माणसाने सोलापूरच्या मित्राला सोलापुरात रोख पैसे दिले आणि परतफेडही तिथेच ठरली, तर दावा सोलापूरला. वादीला नाशिकहून जाणं गैरसोयीचं आहे, हा मुद्दा इथे कामाचा नाही. अंगाला इजा किंवा जंगम वस्तूचं नुकसान यांच्या भरपाईसाठी कलम १९ आहे: नुकसान जिथे झालं तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, निवड वादीची.

मग ‘स्वतःच्या गावी’ हे आलं कुठून? काही खास कायद्यांनी तशी सवलत दिली आहे, आणि मेसेजने ती सगळीकडे पसरवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. हिशेब दिलेल्या मोबदल्याचा होतो, मागितलेल्या भरपाईचा नाही. मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्जही अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात चालतो. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात (२००५) पीडित स्त्री तात्पुरती जरी कुठे राहत असली तरी तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथलं कोर्ट चालतं. पतीला ही मुभा सरसकट नाही. प्रत्येक सवलत आपापल्या कायद्यापुरती आहे. भावाभावांच्या वाटणीला किंवा हातउसन्या पैशाच्या वसुलीला ती लागत नाही.

चेक न वटल्याच्या प्रकरणांत घोळ सर्वांत जास्त होतो. २०१४ मध्ये दशरथ राठोड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने चेक ज्या बँकेवर काढला त्या शाखेच्या ठिकाणी तक्रार करायची असं ठरवलं. २०१५ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. आता चेक खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. तुम्ही नाशिकला राहायला आलात, पण खातं अजून लातूरच्या शाखेत आहे, तर तक्रार लातूरला. चेक नाशिकच्या शाखेत टाकला तरी कायदा तो लातूरला टाकला असंच मानतो. म्हणजे इथेही ‘राहता तिथे’ नाहीच. सोबत मुदत सांभाळायची ती वेगळी: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, आणि त्यानंतर १ महिन्यात तक्रार.

‘कंपनीची शाखा गावात असली की पुरे’

कलम २० चं स्पष्टीकरण नीट वाचायला हवं. कंपनी मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असं धरलं जातं. दुय्यम कार्यालयाच्या ठिकाणी दावा लावायचा तर दाव्याचं कारणही त्याच ठिकाणी घडलेलं असावं लागतं. पॉलिसी पुण्याच्या शाखेतून घेतली, क्लेम पुण्यात नाकारला, तर सांगलीत त्याच कंपनीचा बोर्ड दिसतो म्हणून सांगलीत दिवाणी दावा टिकणार नाही. उलट बाजूही आहे. पटेल रोडवेज प्रकरणात (१९९१) मुख्य कार्यालय मुंबईत होतं, पण कारण दुसऱ्या ठिकाणच्या शाखेत घडलं होतं. तेव्हा मुंबईच्या कोर्टाला अधिकारच नाही, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं.

‘जमीन कुठेही असो, व्यवहार झाला तिथे दावा’

हे विधानही महागात पडणारं. स्थावर मिळकतीला कलम १६ लागतं: ताबा, वाटणी, गहाण, मिळकतीतला हक्क किंवा हितसंबंध, मिळकतीचं नुकसान. यातलं काहीही मागायचं असेल तर मिळकत जिथे आहे तिथलं कोर्ट. विसार पुण्यात दिला, करार पुण्यात नोटरी केला, दोघेही पुण्यात राहतात, पण प्लॉट साताऱ्यात आहे आणि मागणी खरेदीखत व ताब्याची आहे, तर दावा साताऱ्याला.

सुप्रीम कोर्टाचा हर्षद मोदी विरुद्ध डीएलएफ हा निकाल यासाठी पुरेसा आहे. प्लॉट गुडगावचा, करार आणि पैसे दिल्लीत, कंपनीचं कार्यालय दिल्लीत, शिवाय करारातही दिल्लीचं कोर्ट. दावा १९८८ मध्ये दिल्लीत लागला, आणि प्रतिवादीने सुरुवातीला अधिकारक्षेत्र मान्यही केलं. तरीही २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिल्लीच्या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकार नव्हता. १७ वर्षांनी वादी पुन्हा गुडगावच्या दारात.

कलम १६ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद आहे. प्रतिवादीने स्वतः काही कृती केली की पूर्ण दाद मिळते, अशी मागणी असेल तर तो राहतो तिथेही दावा लावता येतो. पण नीट पाहा, इथेही घर प्रतिवादीचंच आहे.

म्हणून आधी मागणी काय ते ठरवायचं. वरच्या उदाहरणात खरेदी नकोच, फक्त विसाराची रक्कम व्याजासह परत हवी, तर तो पैशाचा दावा होतो आणि कलम २० नुसार पुण्यात चालतो. करार तोच, माणसं तीच, पण मागणी बदलली की कोर्ट बदलतं. काही जण हुशारी म्हणून पुण्यात दावा लावायला ताब्याची मागणी गाळतात आणि दुरुस्ती अर्जाने नंतर घालू म्हणतात. दुरुस्ती मंजूर झाली की अधिकारक्षेत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एकाच वाटणीत सांगलीची शेती आणि पुण्याचा फ्लॅट असेल तर दोन दावे लावायची गरज नाही. कलम १७ नुसार दोन्हींपैकी कुठल्याही एका कोर्टात संपूर्ण मिळकतीचा दावा चालतो. मेसेजमध्ये हे असतं तर कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

तालुका सातबाऱ्यावर दिसतो, पण कोर्टाची हद्द सरकारी अधिसूचनेने ठरते. नवा तालुका झाला आणि तिथे कोर्ट सुरू झालं नसेल तर गाव जुन्याच कोर्टाकडे असतं. दोन तालुक्यांच्या सीमेवरच्या गावांसाठी कोर्टाच्या कार्यालयात हद्दीतल्या गावांची यादी पाहून घ्यावी.

‘करारात नाव लिहिलं की तेच कोर्ट’

अर्धं खरं. कायद्याने दोन किंवा अधिक कोर्टांना अधिकार असेल तर त्यांतलं एक पक्षकार करारात निवडू शकतात. मुळात अधिकार नसलेल्या कोर्टाला मात्र सही करून तो देता येत नाही. हे हकमसिंग प्रकरणात १९७१ मध्येच ठरलं आहे. कलमात ‘फक्त’ हा शब्द नसला तरी उरलेली कोर्टं वगळली गेली असं धरता येतं, हे २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालात आलं. तेव्हा पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांतलं कोर्ट पाहिलं की पहिला प्रश्न हा: त्या कलमाशिवायही या कोर्टाला अधिकार असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते कलम रद्दी.

‘झिरो एफआयआर आणि ई-फायलिंगने हद्द संपली’

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम १७३ पोलिसांना सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्या. हाच झिरो एफआयआर. पुढे तो गुन्हा संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. खटला कुठे चालेल हे कलम १९७ आणि त्यापुढची कलमं ठरवतात, आणि मूळ नियम गुन्हा घडला तिथे असाच आहे. ऑनलाइन फसवणुकीत संदेश जिथून पाठवला किंवा जिथे मिळाला, अशा दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो. पण ते कलम २०२ मुळे, झिरो एफआयआरमुळे नाही. ई-फायलिंगने वादपत्र (दाव्याचा मूळ अर्ज) देण्याची खिडकी बदलली. कोर्टाची हद्द होती तिथेच आहे.

मेसेजमध्ये नसलेला भाग: कोणत्या प्रकारचं कोर्ट

गाव बरोबर निवडलं तरी दार चुकू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५ नुसार दावा सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या कोर्टात लावायचा. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांना रकमेची मर्यादा आहे, त्यावरचे दावे वरिष्ठ स्तराकडे जातात. ही मर्यादा कायदादुरुस्तीने बदलत आली आहे, म्हणून दावा दाखल करायच्या दिवशीची मर्यादा तपासा. खरेदीखत करून मिळण्याच्या दाव्याचं मूल्यांकन विसारावर होत नाही, कराराच्या पूर्ण मोबदल्यावर होतं. विसार २ लाख आणि सौदा ४० लाखांचा असेल तर आकडा ४० लाखांचा धरायचा.

घरमालक-भाडेकरू वाद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो. इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे कनिष्ठ स्तराकडे, रक्कम कितीही असो. हाउसिंग सोसायटी आणि सभासद यांच्यातले कारभाराचे बरेच वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचे. शेताची वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार अडवल्यापासून ६ महिन्यांत तहसीलदाराकडे जाता येतं.

‘चुकलात तरी कोर्ट फाइल पाठवतं’

पाठवत नाही. हद्द किंवा रक्कम चुकली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली कोर्ट वादपत्र परत करतं. त्यावर सादर केल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि थोडक्यात कारण लिहितं. ते योग्य कोर्टात नेऊन दाखल करणं वादीचं काम. नियम १०अ खाली अर्ज करून नव्या कोर्टातल्या हजेरीची तारीख आधीच लावून घेता येते, म्हणजे प्रतिवादीला पुन्हा समन्स काढावं लागत नाही. पण दावा पहिल्यापासून सुरू होतो, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ईएक्सएल करिअर्स प्रकरणात ठरवलं आहे. नोंदवलेला पुरावा, मिळालेला मनाई हुकूम यांवर पुढे जाता येत नाही.

आता मुदत. समजा, विकणाऱ्याने १० जून २०२३ ला खरेदीखताला नकार दिला. दाव्याला ३ वर्षं, म्हणजे १० जून २०२६ पर्यंत. वादीने १ जून २०२६ ला चुकीच्या कोर्टात दावा लावला आणि २ वर्षांनी वादपत्र परत आलं. मुदतीच्या कायद्याचं कलम १४ त्या कोर्टात गेलेला काळ वगळू देतं, पण त्याने नवी ३ वर्षं मिळत नाहीत. उरलेले १० दिवसच मिळतात. त्यातच प्रमाणित नकला, स्टॅम्प, नवा वकील. शिवाय वगळणूक आपोआप होत नाही. पहिला दावा प्रामाणिकपणे आणि योग्य तत्परतेने चालवला हे वादीने दाखवायचं असतं, आणि याच कायद्याच्या व्याख्येत काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट प्रामाणिक धरली जात नाही. ‘मेसेज आला होता’ याला काळजी म्हणणं अवघड आहे.

म्हणून वादपत्रातला अधिकारक्षेत्राचा परिच्छेद छापील साच्यातून उचलू नका. ‘दाव्यास कारण या कोर्टाच्या स्थळसीमेत घडले’ एवढं पुरत नाही. कोणती घटना, कोणत्या तारखेला, कोणत्या गावी घडली ते लिहा: करार कुठे झाला, पैसे कुठे दिले, नकाराची नोटीस कुठे मिळाली, मिळकतीचा गट नंबर व चतुःसीमा काय.

आणि तुम्ही प्रतिवादी असाल, समन्स चुकीच्या कोर्टाचं असेल, तर गप्प बसून नंतर हुकूमनामा रद्द करून घेऊ हा बेत सोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ नुसार हद्दीची हरकत पहिल्या संधीला आणि कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्यापूर्वी घ्यावी लागते. अपिलात ती ऐकली जायची तर न्यायात प्रत्यक्ष बाध आल्याचंही दाखवावं लागतं. जमिनीचे दावे आणि ज्या वादांचा अधिकारच दिवाणी कोर्टाला नाही ते वाद यांत हरकत उशिरानेही टिकू शकते, पण त्या भरवशावर वर्षं घालवू नयेत. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) देण्याची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांची, आणि हरकतीचं कलम त्याच कैफियतीत, शक्यतो सुरुवातीलाच असावं.