‘रक्त शुद्ध राखले म्हणून टिकले’ : बेने इस्रायलांच्या स्तुतीला एका ठाणेकरणीचे उत्तर

गेल्या काही महिन्यांत एक मजकूर मला निदान पाच वेळा फोनवर आला आहे आणि प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याने तो माझे कौतुक म्हणूनच पाठवला आहे. त्याचा सारांश असा : कोकणातल्या ज्यूंनी दोन हजार वर्षे रक्त शुद्ध राखले, ते कोणात मिसळले नाहीत, म्हणून त्यांची प्राचीन परंपरा जशीच्या तशी टिकली, भारत ही त्यांच्यासाठी धर्मशाळा होती आणि स्वतःचे राष्ट्र मिळताच ते सगळे निघून गेले, तेव्हा आपणही त्यांच्यापासून धडा घ्यावा. मी ठाण्यात जन्मलेली आणि ठाण्यातच राहणारी बेने इस्रायल, म्हणजे याच कोकणातल्या ज्यूंपैकी एक, आहे. ज्यांची ही स्तुती चालली आहे त्यांच्यातलीच मी असल्यामुळे, हे खरे नाही असे सांगण्याची जबाबदारीही माझ्यावर येते.

आधी रक्ताविषयी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले, अशी कथा आमच्या घराघरांत सांगितली जाते. नवगावचे ते दफनस्थळ आजही दाखवतात. ही कथा मला अतिशय प्रिय आहे, परंतु ती श्रद्धेने जपलेली आठवण आहे. वंशावळीचा पुरावा म्हणून ती पुढे करता येणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये पश्चिम आशियातील ज्यूंशी नाते सांगणारा अंश आढळला आणि त्याबरोबरच भारतीय अंशही आढळला, आणि हा भारतीय अंश प्रामुख्याने आईच्या बाजूने आलेला आहे. याचा सरळ अर्थ असा, की आमच्या कितीतरी पणज्या-खापरपणज्या इथल्याच होत्या, आणि ज्या शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या आमच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे आज आम्ही लावतो ते आमच्यापर्यंत पोहोचवण्यात त्यांचाही हात होता.

शुद्धतेचा आग्रह आमच्यात कधीच नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद आमच्या समाजात होता. मिश्र विवाहातून झालेल्या संततीला ‘काळे’ म्हणत आणि त्यांच्याशी सोयरीक करत नसत. माझ्या दृष्टीने ती आमच्या इतिहासातली लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे परंपरा टिकल्याचे मला कुठेही दिसत नाही. पुढे हाच प्रश्न आमच्याच लोकांपुढे उलटून उभा राहिला. इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी १९६२ मध्ये काढला. त्यावर मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव करावा लागला. रक्ताचा दाखला मागितला जातो तेव्हा कसे वाटते, हे आमच्या मागच्या पिढीने सोसले आहे. त्याच दाखल्यावरून आज आमचे कौतुक व्हावे, हे मला सहन होत नाही.

आता ‘कोणात मिसळले नाहीत’ या विधानाकडे येते. माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच आहे, म्हणून इथे थोडे थांबते.

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. कोचीनचे व्यापारी यहेझकेल राहाबी यांनी १७६८ मध्ये लिहिलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे. शब्बाथ आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना, याहून फारसे त्यांना ठाऊक नव्हते असे त्यात म्हटले आहे. ग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू विसरली होती. मग सण कशात टिकले? ते मराठीत टिकले. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, आमच्याकडे ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दार लावून घरातच राहायचे. पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, दिवसांत आंबवलेले खायचे नाही, म्हणून आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवायचे. त्यावरून त्या सणाचे नाव ‘अनाशी ढाकायचा सण’ असे पडले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी करायचा, तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे. जेरुसलेमचे दुःख आमच्या बायकांनी मोड आलेले वाल सोलता सोलता लक्षात ठेवले, आणि ते अवघ्या कोकणाला कळेल अशा शब्दात ठेवले.

नारळाचेही असेच आहे. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा आमचा नियम. तो आमच्या स्वयंपाकघरात निभावला तो नारळाच्या दुधामुळे. मटणाच्या रश्शाला तेच लागते, आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक काढून जो हलवा करतात त्यालाही तेच लागते. खवले आणि पर नसलेली मासळी आम्हाला वर्ज्य, म्हणून पापलेट, रावस चालतो आणि कोळंबी, खेकडा चालत नाही. पण तो रावस ज्या वाटणात शिजतो ते वाटण शेजारच्या घरातलेच असते. लग्न ठरले, नव्या घरात पाऊल टाकले, नवस फेडायचा असला, की मलिदा होतो. माझी आजी पाट घेऊन जमिनीवर बसायची, भिजवलेल्या पोह्यांत खवलेला नारळ, साखर आणि वेलची हलक्या हाताने, पोहे मोडणार नाहीत अशा बेताने मिसळायची. मग ताटात त्याचा ढीग करून भोवती फळे मांडायची आणि वर गुलाबाचे फूल ठेवायची. त्या ताटासमोर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करणारे हिब्रू गीत म्हटले जायचे. यातून पोहे आणि नारळ परके म्हणून काढून टाका, आणि जे उरेल त्याला मलिदा म्हणता येते का ते सांगा.

१८७४ मध्ये पुण्यात पेसाहच्या विधीचे पुस्तक, म्हणजे हागादा, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर यांसह छापले गेले. त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली आणि केली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, नवगावकर ही आडनावे तर उघडच आहेत. न मिसळता यातले काय झाले असते?

राहिली धर्मशाळेची गोष्ट, आणि तिला फार शब्द लागत नाहीत. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये सॅम्युअल इझेकिएल दिवेकर यांनी बांधले. ते कंपनी सरकारच्या लष्करात अधिकारी होते आणि गावात त्यांना सामाजी हासाजी म्हणत. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे आमचे सिनेगॉग शाआर हाशामाईम १८७९ चे आहे. त्याला आमची वयस्कर माणसे अजून सहजपणे ‘मशीद’ म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तसेच सांगतात. धर्मशाळेत उतरलेली माणसे अशी बांधकामे करत नाहीत.

पुष्कळ लोक गेले हे खरेच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे वीस हजार असलेला समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. पण इस्रायलमधले पहिले अनुभव कडू ठरल्यावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी तिथे धरणे धरून, आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली आणि ती परतही आली, हे या मजकुरात नसते. जे राहिले त्यांतले बरेच जण ठाणे-मुंबई परिसरात आहेत, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो इथले नागरिक म्हणूनच. माझे सख्खे नातलग तिकडे आहेत. जेरुसलेमकडे तोंड करून मी प्रार्थना करते आणि मतदान ठाण्यात करते. यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे ठरवण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

आणि जे गेले त्यांनीही धर्मशाळा सोडल्यासारखे मागे वळून न पाहता सगळे टाकले नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमधून वर्षानुवर्षे निघत आले आहे. दिमोना, लोद, अश्दोद इथल्या घरांतून नवस फेडताना आजही मलिदा होतो, आणि माझी आत्येबहीण दर खेपेला परत जाताना बॅगेत पातळ पोह्यांची पाकिटे भरते, कारण तिथे मिळणारे पोहे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, भिजवल्यावर लगदा होतात.