उंचीचं काय एवढं मनावर घ्यायचं!

अभिनंदन! घोडबंदर रोडला थ्री बीएचके झाला, गाडी झाली, आणि आता तिघा दोस्तांनी पैसे काढून चार सीटचं जुनं विमानही घेतलंत. पेढे पोचले. पहिल्याच सर्व्हिसिंगला इंजिनिअर डोकं खाजवत म्हणेल, "साहेब, तुमचा अल्टिट्यूड एन्कोडर गंडलाय." लगेच खिशात हात घालू नका. आधी विचारा, गंडला तर बिघडलं कुणाचं? उत्तर ऐकून जीव भांड्यात पडेल. तुमचं काहीच बिघडत नाही.

त्याचं असं आहे, तुमच्या डोळ्यांपुढचा अल्टिमीटर वेगळा आणि पॅनेलच्या आड स्क्रू मारून बसवलेली ती एन्कोडरची डबी वेगळी. अल्टिमीटर तुम्हाला उंची दाखवतो, तो ठणठणीत आहे. डबी हवेच्या दाबावरून काढलेला आकडा ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या रेडिओ-यंत्राला देते आणि खालून रडारने विचारलं की ट्रान्सपॉन्डर तो पाठवून देतो. खाली बसून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर तुमच्या ठिपक्याशेजारी जी उंची दिसते, ती रडारने मोजलेली नसतेच मुळी. तुमच्या विमानाने सांगितली आणि त्याने मानली, इतका साधा मामला. तुम्ही नीट उडताय, तुम्हाला तुमची उंची कळतेय. चुकीची बातमी फक्त इतरांना जातेय. एवढी सोयीची नादुरुस्ती शोधून सापडायची नाही.

शिवाय चुकीच्या आकड्यांची तुम्हाला सवय आहेच. तुमच्या टॉवरात बारानंतर लिफ्ट थेट चौदा दाखवते. पोडियमचे मजले बिल्डरने धरले की सोडले, हे सेक्रेटरीलाही सांगता येत नाही. तरी चोविसाव्यावरच्या काकू रोज आपल्याच घरी पोचतात ना?

जुन्या डबीतून ट्रान्सपॉन्डरकडे तारांची एक जुडी जाते. शंभर-शंभर फुटांच्या पायऱ्या, आणि लगतच्या दोन पायऱ्यांत एकाच तारेचा सिग्नल बदलावा अशी त्या कोडची रचना. म्हणून एखादी तार सुटली तर चूकसुद्धा मोठी शिस्तीत होते. ए-टू नावाची तार घ्या. ती तुटली तरी ६,७०० फुटांपर्यंत सगळं ओके. त्याच्यावर चढायला लागलात की स्क्रीनवर तुम्ही उतरायला लागता. तुम्ही ७,५०० वर, स्क्रीनवर ६,०००. तुम्ही ९,००० वर, स्क्रीनवर ४,५००. आता आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. इगतपुरीच्या पलीकडे तुम्ही थर्मासमधली कॉफी ओतत असता आणि कंट्रोलरच्या हिशेबाने शिखराच्या पोटातून निघालेले असता. त्याला घाम फुटतो, तुमची कॉफीही सांडत नाही.

तो रेडिओवर विचारेल, "उंची किती?" खरी सांगून टाका. दोन आकड्यांत ३०० फुटांहून जास्त फरक निघाला की स्क्रीनवरचा आकडा बाद धरतात. कधी कधी सरळ हुकूम येतो, "स्टॉप स्क्वॉक चार्ली, राँग इंडिकेशन." म्हणजे, उंची पाठवणं बंद करा, आकडा चुकतोय. अपमान वाटून घेऊ नका. अल्टिमीटरचा दाबाचा नॉब थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवा. त्याने काहीएक होत नाही, कारण डबी कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब धरूनच बोलते आणि त्या दिवशीच्या दाबाची दुरुस्ती खालचा संगणक करतो. पण शेजारी बसलेल्या मेहुण्याला वाटतं, भावजींनी काहीतरी केलं.

मग ट्रान्सपॉन्डर 'ऑल्ट'वरून 'ऑन'वर आणा. आता उंची जाणारच नाही, म्हणजे चुकायचीही नाही! मोठ्या विमानांमधलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायला सावध करणारं यंत्र, तुमचं विमान जवळ आल्याचं सांगेल, पण वर जा की खाली जा हे त्याला सांगता येणार नाही. आणि उंची चुकीची जात असली तर ते त्याच आकड्यावर विसंबून भलताच सल्ला देईल किंवा गप्प बसेल. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही प्रवासी विमानं उडू लागली आहेत. सांताक्रूझची गर्दी होतीच, आता उलव्याचीही आली. त्यातल्या एखाद्या पायलटला तुम्ही कुठे आहात याचा अंदाज बांधायला लागला तर तेवढीच त्याच्या बुद्धीला चालना.

रडके लोक लगेच सेरिटोस काढतात. ३१ ऑगस्ट १९८६, लॉस एंजेलिसजवळ एक छोटं पायपर आणि एअरोमेक्सिकोचं डीसी-९ एकमेकांवर आदळले. पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, उंची सांगायची सोय नव्हती. ८२ माणसं गेली. त्यातली १५ जमिनीवरची, ज्यांनी त्या रविवारी कुठलंही तिकीट काढलेलं नव्हतं. नाहीतर चरखी दादरी काढतात. १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानांची हवेत टक्कर, ३४९ मृत्यू. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंच आहे ते दिसायचं नाही. त्यानंतर आपल्याकडे टीकॅसची सक्ती झाली. अमेरिकेत तर ट्रान्सपॉन्डर दर २४ महिन्यांनी तपासून घ्यावा लागतो. एवढा वेळ आहे कुणाला? आपल्याला वीकेंडला एक चक्कर मारून फोटो टाकायचे असतात.

फक्त एका बाबतीत जपा. विमानाच्या अंगावर ती बारीक भोकं असतात ना, स्टॅटिक पोर्ट, ती पावसाळाभर उघडी ठेवू नका. कोकणातल्या किड्यामुंग्यांना अशी जागा आयतीच हवी असते. ते भोक बुजलं तर डबीबरोबर तुमचा अल्टिमीटरही खोटं बोलायला लागतो, आणि मग ही थट्टा आपल्यावरच उलटते. ऑक्टोबर १९९६ मध्ये पेरूत एका बोइंग ७५७ ची ही भोकं धुताना टेपने झाकली आणि टेप काढायची राहिली. रात्री समुद्रावर पायलटने कंट्रोलरला आपली उंची विचारली. कंट्रोलरने स्क्रीन बघून ९,७०० फूट सांगितली. तो आकडा त्याच विमानाने पाठवलेला होता, आणि विमान पाण्याला टेकत होतं. ७० जण होते आत, कुणी वाचलं नाही. तेव्हा टेप तेवढी काढा. बाकी लॉगबुकात "तपासले, ठीक" लिहायला कुणीतरी भेटतंच.

आणि अगदीच कंटाळलात तर विकून टाका. जाहिरातीत "सर्व उपकरणे चालू स्थितीत" असं ठसठशीत लिहा. गिऱ्हाईक खारघरचं असो की नागपूरचं, ट्रायल सकाळी लवकर द्या, हवा शांत असते. आणि गप्पांच्या नादात ६,५०० च्या वर जाऊ नका.