डिस्क चालते, पण ऐकत नाही

दुकानात माल परत करायचा तर तो बिघडलेला असावा लागतो. माझी पंचाईत अशी की माझ्या डीव्हीडी बिघडत नाहीत. ठणठणीत चालतात, फक्त माझं ऐकत नाहीत.

रोख पैसे मोजून आणलेली डिस्क आत सरकवली की आधी चोरी करू नका म्हणून दम. मग 'लवकरच येत आहे' अशा सिनेमांच्या जाहिराती, ज्यांतले नायक एव्हाना आजोबांच्या भूमिका करतात. पुढे ढकलायचं बटण दाबलं तर पडद्याच्या कोपऱ्यात हाताचा पंजा उमटतो. मी बरेच दिवस प्लेअरला शिव्या घातल्या. पण कुठला भाग ढकलू द्यायचा नाही, हे डिस्कमध्येच लिहिलेलं असतं. प्लेअर बिचारा हुकमाचा ताबेदार. शेजाऱ्यांकडच्या चोरीच्या प्रतीत मात्र थेट सिनेमाच सुरू होतो.

त्याहून वाईट मेन्यू. सबटायटल हवीत का? 'हो' पिवळ्या अक्षरात, 'नाही' पांढऱ्या. आता निवडलेलं कुठलं, पिवळं की पांढरं? बाण दाबला की रंगांची अदलाबदल होते आणि आपण होतो तिथेच. ही म्हणते पिवळं, मी म्हणतो पांढरं, आणि तोवर मागे तेच दोन ओळींचं संगीत दळण घातल्यासारखं चालू. रहस्यपट असेल तर मेन्यूमागे हमखास शेवटचा प्रसंग फिरतो. पिस्तूल धरलेला मेहुणा सिनेमा सुरू व्हायच्या आधीच ओळखीचा होतो.

(पुतण्याने अमेरिकेहून आणलेल्या डिस्कचं तर विचारूच नका. कुठली डीव्हीडी कुठे चालावी म्हणून जगाच्या वाटण्या करताना अमेरिकेला १ नंबर मिळाला, आपल्याला ५. आमच्या पाच नंबरी प्लेअरने तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. ती परत करायला न्यू जर्सीला कोण जाणार?)

रहस्यपट घेऊन मी लक्ष्मी रोडवरच्या दुकानात गेलो. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कारण विचारू नये.' ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, त्याच पुण्यात ही पाटी.

"चालत नाही का?"

"चालते."

"ओरखडा?"

"नाही."

"मग तक्रार काय?"

"उद्धट आहे."

मालकांनी चष्मा वर केला. "उद्धटपणापायी माल परत घ्यायला लागलो, तर या पेठेत दुकानं राहतील का हो?"

मी म्हटलं, एकदा लावून तर बघा. एकला दहा कमी होते. मालकांनी डिस्क लावली. दम आला. त्यांनी बटण दाबलं, पंजा. पुन्हा दाबलं, पंजा. जाहिराती लागल्या, घड्याळ पुढे सरकलं, नोकर शटरचा हूक घेऊन उभा राहिला. पुण्यातल्या दुकानदाराला एकच्या ठोक्याला कोणी अडवून धरलंय, हे दृश्य मी डोळे भरून पाहिलं.

मालकांनी प्लगच उपटला.

"पैसे मिळणार नाहीत. बदल्यात दुसरी घ्या," ते म्हणाले. "आणि ती घरी जाऊन लावायची. इथे नाही."